पाच मुके मंगळवार

१

सलग पाचव्या मंगळवारी संतोष गायब झाला.

तसा तो मस्कतमध्ये धडधाकट होता. एका हॉटेलात वायरमन, आठवड्याची सुट्टी मंगळवारी. त्या दिवशी कंपनीची बस सगळ्यांना शहरात सोडायची आणि तो एका कॅफेत तासभर बसून मखमलाबादच्या घरी बोलायचा. आपल्याकडचे दहा ते अकरा. पडद्यावर त्याचा चेहरा यायचा, ओठ आधी हलायचे आणि आवाज मागून यायचा, पण यायचा. गेले पाच मंगळवार मात्र त्या जागी एकच ओळ येत होती: कनेक्शन होऊ शकत नाही.

मनीषाने तिसऱ्यांदा प्रयत्न केला. तीच ओळ.

"सरक जरा," मागून सासऱ्यांचा आवाज आला.

गोटीराम तात्यांनी आयुष्यभर गुलाब, झेंडू आणि कोथिंबीर पिकवली. कॉम्प्युटरवर त्यांना एकच गोष्ट येत होती, ती म्हणजे वर्तमानपत्र उघडणं. संतोष जाताना शिकवून गेला होता. त्यांनी मातीने खडबडीत झालेलं बोट माउसवर ठेवलं, दोनदा दाबलं, आणि पेपर उघडला. पहिल्या पानावर २००८ सालच्या त्या दिवसाची ताजी बातमी होती, कांद्याची.

"बघ," तात्या म्हणाले. "नेट चालू हे. पेपर उघडतोय. सगळ्या जगाचं उघडतंय, फक्त माझ्या पोराचीच खिडकी बंद. पासवर्ड कोणाला ठाऊक हे या घरात? तुला."

मनीषाला कळलं, तात्यांना काय आठवतंय. सहा आठवड्यांपूर्वी संतोषने तिला न विचारता मस्कतचा करार आणखी दोन वर्षांनी वाढवला, तेव्हा याच खुर्चीत बसून ती ओरडली होती, 'मग बोलूच नका माझ्याशी!' तात्या तेव्हा ओसरीवर जुड्या बांधत होते. शब्द तिने रागात टाकला आणि तासाभरात विसरली. तात्यांनी तो जपून ठेवला होता.

"मी काही केलं नाही तात्या. खरंच."

"पोरगा मळ्यात माझ्या मोबाइलवर दोन मिनिटं बोलतो, रडवेला झालाय. विचारतो, तात्या, तिला माझं तोंडसुद्धा बघायचं नाही का? मी काय सांगू त्याला?" तात्यांनी नजर वळवली. "मी सायखेड्याला, तुझ्या माहेरी फोन केलाय. पुढच्या मंगळवारी समर्थ येईल तुला न्यायला. राहा महिनाभर भावाकडं. डोकं थंड होऊ दे."

असा महिना किती महिन्यांचा होतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई, चिमणाबाई, पदर तोंडाशी धरून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात अंगणातून कोणीतरी खाकरलं.

"गोट्या, गुन्हा घडला की आधी पंचनामा करतात. तू तर फाशी देऊन मोकळा झालास."

२

दारात सावळीराम आबा उभे होते, एका हातात फुलांसाठी आणलेली पिशवी, दुसऱ्या हातात चपला. तात्यांचे शाळेपासूनचे मित्र. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कंट्रोल रूममध्ये त्यांची एकतीस वर्षं गेली होती. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी सवय सुटलेली नव्हती. घरातल्या मिक्सरनेसुद्धा वेगळा आवाज केला, तर आबा वेळ लिहून ठेवत. त्यांची बायको म्हणायची, या माणसाने लग्नाच्या दिवशी अंतरपाट किती वाजता सरकला तेही टिपून ठेवलंय. ते खरंच होतं.

"सावळ्या, घरातली गोष्ट आहे ही," तात्या कुरकुरले.

"यंत्राची आहे. माणसावर आळ घेण्याआधी यंत्राची जबानी घ्यावी. मला एक आठवडा दे. समर्थ मंगळवारी येणार ना? तोवर सापडलं नाही, तर मी मध्ये बोलणार नाही."

तात्यांनी खांदे उडवले. शाळेपासून आबांसमोर त्यांचं काही चाललं नव्हतं.

आबांनी पिशवीतून लांबोडकं रजिस्टर काढलं आणि मनीषाला म्हणाले, "पोरी, मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही. तू हात चालव, मी प्रश्न विचारतो."

आधी राउटर. खिडकीत ठेवलेल्या काळ्या डब्यावरचे चारही दिवे हिरवे होते. राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत आलेली निळी वायर नवी कोरी, उंदराचा दात न लागलेली. टेलिफोनचा जोड घट्ट. मग कॉम्प्युटर. संतोषने कॉलेजात असताना घेतलेला, रंग पिवळट पडलेला, पण पुसून लख्ख. पेटीवर हळदीकुंकवाची बोटं होती आणि पडद्याच्या काचेवर, खाली उजव्या कोपऱ्यात, गणपतीचं छोटं स्टिकर.

"हे कोणी लावलं?"

"आईंनी. यंत्राला दृष्ट लागू नये म्हणून."

"चांगलं केलं. भारनियमनात हे बंद पडतं का?"

"नाही आबा. यांनी जाताना हा सॉकेट इन्व्हर्टरवर घेतलाय. लाइट गेली तरी चालूच राहतं."

"आता बंद करून पुन्हा सुरू कर."

मनीषाने केलं. पडदा निळा झाला, ओळखीचं चित्र आलं. तिच्या कपाळावर आठी पडली.

"काय झालं?"

"काही नाही. सकाळी लावला तेव्हा आधी काळा पडदा आला होता, पांढरी इंग्रजी अक्षरं. समाधानने सांगितलंय, तसं आलं की एफ-वन दाबायचं आणि पुढं जायचं. आता नाही आलं ते."

"रोज सकाळी येतं?"

"रोज नाही." ती थांबली. एवढे दिवस हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. "मंगळवारीच येतं."

आबांनी रजिस्टरमध्ये ओळ लिहिली आणि तिच्याखाली रेघ मारली.

"हा समाधान कोण?"

"नाक्यावरचा कॉम्प्युटरवाला. गेल्या तीन मंगळवारी दुपारी तोच येऊन दुरुस्त करून गेला. पण तोवर यांचा तास संपलेला असतो."

"म्हणजे तीनदा आला, तीनदा चालू झालं, आणि तीनदा आठवड्याने पुन्हा बंद." आबांनी चपला पायात सरकवल्या. "गोट्या, तुझी सून घेऊन जातोय. साक्षीदार बरोबर असलेला बरा."

३

समाधानचं दुकान म्हणजे एक शटर आणि उघड्या पोटाच्या पाच पेट्या. आबांनी येण्याचं कारण सांगताच त्याचा चेहरा पडला.

"म्हणजे मी मुद्दाम बिघाड ठेवून येतो, असं म्हणायचंय का काका? वणीच्या देवीची शपथ."

"शपथ देवळात घे. इथे फक्त काय काय केलंस ते सांग. पहिल्या वेळी?"

"राउटर रिसेट मारला. चालू झालं."

"दुसऱ्या वेळी?"

"वायर बदलली. चालू झालं."

"तिसऱ्या?"

"सगळं सॉफ्टवेअर पुसून नव्याने टाकलं. तेही चालू झालं. ताईंनी स्वतः बघितलंय, खिडकी उघडली, फक्त दादा निघून गेलेले."

मनीषाने मान हलवली. संतोषच्या नावापुढचा करडा पडलेला ठिपका तिला अजून दिसत होता.

"तीन वेळा तीन वेगळी औषधं दिलीस," आबा म्हणाले, "आणि तिन्ही लागू पडली. एकाच दुखण्याला. मला हे पटत नाही. तिन्ही वेळा सारखं असं काय केलंस? घरात पाऊल टाकल्यापासून सांग."

समाधान हसला. "पाऊल टाकलं, बूट काढले, काकूंनी चहा दिला. चहा होईपर्यंत मशीनचं घड्याळ लावलं, मग कामाला लागलो. जुन्या मशीनचं आधी घड्याळ लावायचं, ही सवयच आहे आपली."

आबांचं पेन थांबलं, मग भराभर चाललं. ते समाधानला बाजूला घेऊन गेले आणि दोघं पाच मिनिटं हळू आवाजात बोलले. मनीषाला लांबून एवढंच दिसलं की समाधानने कपाळावर हात मारला.

परत येताना तिला राहवलं नाही. "सापडलं का आबा?"

"काय झालं ते सापडलं. कोणामुळे झालं ते नाही. आणि तुझ्या सासऱ्याला 'काय'शी देणंघेणं नाही, त्याला 'कोण' हवंय." आबांनी रजिस्टर काखेत धरलं. "खरं सांगू? मला भीती वाटते ती त्या उत्तराचीच. त्या घरात माणसं तीनच आहेत."

तिघांतली एक मनीषा स्वतः होती.

४

दुसऱ्या दिवशी आबा चिमणाबाईंसमोर ओसरीवर बसले. मनीषा जवळच कोथिंबीर निवडत होती.

"वहिनी, सोमवारी घरात कोण असतं?"

"मी एकटीच. सोमवारी कपालेश्वराला फुलांचा लय उठाव. हे आन् मनीषा पहाटंच पंचवटीला जात्यात, दिवस मावळल्यावर येत्यात. दमलेले असत्यात, जेवून आडवे व्हत्यात."

"कॉम्प्युटरला सोमवारी कोणी हात लावतं?"

"कोण लावणार? बंदच असतो." चिमणाबाई भाबडेपणाने म्हणाल्या. "मी आपली सकाळी पुसून काढते, कुंकू लावते. मला दुसरं काय येतं त्यातलं?"

"मंगळवारी सकाळी?"

"हे पाणी भरायला, मनीषा फुलं तोडायला. दोघं नवाला येत्यात."

"म्हणजे सोमवार तुम्हाला निवांत."

"निवांत कुठला भाऊ? पर सोमवार आमच्या घरात मोडत नाय. माझ्या सासऱ्यांपासून चालत आलंय. सोमवारी बैलाच्या मानंवर जू ठेवायचं नाय म्हंजे नाय. आभाळ भरून आलेलं असलं तरी नाय."

"बैल आहेत अजून?"

"विकून आठ वर्षं झाली. ट्रॅक्टर येतो आता भाड्याचा." त्यांनी नि:श्वास सोडला. "सर्जा जाताना तीनदा मागं वळून बघत होता."

आबांनी रजिस्टर मिटलं, चहा घेतला आणि मनीषाला कॉम्प्युटरपाशी बोलावलं. पिशवीतून त्यांनी लाल आकड्यांचं, विजेवर चालणारं एक लहान घड्याळ काढलं. कॉम्प्युटरची पिन ज्या सॉकेटमध्ये होती, त्यात मल्टीप्लग बसवून त्यांनी घड्याळही तिथेच जोडलं, वेळ लावली आणि ते टेबलामागे, भिंतीच्या बाजूला ठेवून दिलं.

"हा आपला पहारेकरी. याच्याबद्दल कोणाला सांगू नकोस, समोर बघूही नकोस. सोमवारी नेहमीसारखी पंचवटीला जा."

"आणि हा काय करणार?"

"काही नाही. फक्त वेळ दाखवेल."

ते पाच दिवस मनीषाने कसे काढले, ते तिचं तिलाच ठाऊक. सोमवारी पंचवटीत हार देताना तिचे हात चालत होते आणि जीव मखमलाबादला होता. संध्याकाळी परत आल्यावर तिने बॅग भरली. चार साड्या आणि लग्नातला फोटो. चिमणाबाई आल्या आणि त्यांनी बॅगेत लाडवांचा डबा ठेवला, आणि मग दोघीही रडल्या.

५

मंगळवारी साडेनऊला सगळे जमले. तात्या खुर्चीत, चिमणाबाई दाराशी, समाधान खिशात हात घालून. समर्थ सायखेड्याहून मोटारसायकलवर लवकरच आला होता. बहिणीच्या भरलेल्या बॅगेकडे बघून तो मुठी आवळत होता. वयाने लहान आणि तापट, पण बहिणीच्या सासरी आवाज चढवायचा नाही एवढं त्याला शिकवलेलं होतं.

"चालू कर, पोरी," आबा म्हणाले.

काळा पडदा आला. पांढरी अक्षरं. मनीषाने एफ-वन दाबलं.

"आता बोलायची खिडकी."

कनेक्शन होऊ शकत नाही.

"आता गोट्या, तुझा पेपर."

पेपर उघडला. तात्यांनी समर्थकडे बघत दोन्ही हात पसरले. "बघितलंस? मी खोटं बोलतो का?"

"नाहीस," आबा म्हणाले. "तू बघितलंस ते खरंच आहे. अर्थ तेवढा चुकीचा लावलास. वहिनी, तुमचा गणपती जरा वरच्या कोपऱ्यात बसवला तर चालेल?"

चिमणाबाईंनी हात जोडून मान डोलावली. आबांनी नखाने अलगद स्टिकर काढून वर चिकटवलं. त्याच्याखाली, पडद्याच्या कोपऱ्यात, कॉम्प्युटरचं घड्याळ होतं. भिंतीवरच्या घड्याळात नऊ चाळीस झाले होते, याच्यात तीन वाजायला वीस मिनिटं कमी. मनीषाने त्यावर माउस नेला तशी तारीखही दिसली.

एक जानेवारी एकोणीसशे नव्व्याण्णव.

"आज सकाळी हे यंत्र नऊ वर्षं मागे गेलंय," आबा म्हणाले. "समाधान, सांग."

समाधान घसा साफ करत पुढे झाला. "बोलायची खिडकी उघडण्याआधी समोरची कंपनी एक ओळखपत्र दाखवते. त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल त्याच्या तारखा असतात. आपल्या मशीनला वाटतंय, साल नव्व्याण्णव. म्हणजे हे ओळखपत्र अजून जन्मालाच यायचंय. मग ते म्हणतं, तू खोटा, चल हो बाहेर."

"आन् पेपर?" तात्यांनी विचारलं.

"पेपरवाला ओळखपत्र दाखवत नाही तात्या. तो अंगणात टाकून जातो."

समर्थला हसू आलं, ते त्याने गिळलं.

"मी दर वेळी आधी घड्याळ लावत होतो," समाधान म्हणाला, "आणि श्रेय वायरला देत होतो. माझीच चूक. वीज पूर्ण तुटली तरी घड्याळ चालू राहावं म्हणून आत एक सेल असतो, रुपयाएवढा. तो मेलाय. पिनेत वीज असेपर्यंत कळत नाही. वीज तुटली, की मशीन सगळं विसरतं."

"पर इथं वीज जातच नाय," तात्या म्हणाले. "इन्व्हर्टर हे."

"म्हणून तर प्रश्न पडतो," आबा म्हणाले. "वीज जात नाही. कोणीतरी घालवतं."

तात्यांची नजर पुन्हा मनीषाकडे वळली. आबांनी वाकून टेबलामागचं घड्याळ बाहेर काढलं. लाल आकडे उघडझाप करत होते. तेही म्हणत होतं, दोन चाळीस.

"मी याची वेळ बिनचूक लावली होती. याची वीज तोडून परत दिली की हे बाराला सुरुवात करतं. आता दोन चाळीस दाखवतंय, म्हणजे वीज परत येऊन दोन तास चाळीस मिनिटं झाली. नऊ चाळीसमधून वजा कर गोट्या."

तात्यांचे ओठ हलले. "सात."

"सकाळी सात वाजता तू कुठे होतास?"

"मळ्यात. पाणी भरत होतो."

"मनीषा?"

"माझ्यासमोर, गुलाबात..." तात्या मध्येच थांबले. सगळ्यांच्या माना सावकाश दाराकडे वळल्या.

चिमणाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. "ते बटण व्हय? भिंतीवरचं? ते तर मी बंद करते. सोमवारी सकाळी. आन् मंगळवारी दिवा लावला की परत चालू करते, पोरीला दहाला लागतं म्हणून." त्या दोन पावलं पुढे आल्या. "सोमवार असतो ना. आठवडाभर बिचारं एवढं लांबचं ओझं ओढतंय, माझ्या पोराचा आवाज मस्कतपासून आणतंय. म्हटलं, एक दिवस तरी त्याच्या मानंवरचं जू उतरावं. घरात आलं तवापासून करते मी. आधी कधी काय झालं नाय वो!"

"आधी सेल जिवंत होता, वहिनी. दीड महिन्यापूर्वी मेला. तुमची चूक नाही."

"माझी नाय तर कोणाची? माझ्यामुळं पोरीची बॅग भरली!" त्या तिथेच खाली बसल्या. मनीषा धावली आणि तिने सासूला कवेत घेतलं. सहा आठवडे जिने रोज तिच्यासाठी देवाला साकडं घातलं, तिच्याच मायेने हे घडवलं होतं. मनीषाला राग शोधूनही सापडला नाही.

समाधानने तोवर तारीख आणि वेळ लावली. "ताई, दहा वाजत आलेत."

मनीषाने डोळे पुसले आणि खिडकी उघडली. संतोषच्या नावापुढचा ठिपका हिरवा होता. मग पडदा थरथरला आणि त्यात दाढी वाढलेला, डोळे मोठे केलेला संतोष आला. ओठ आधी हलले. आवाज मागून आला. "मनीषा?"

ती पडद्याजवळ सरकली. आबांनी रजिस्टर उघडून टेबलावर ठेवलं.

"आमच्या कंट्रोल रूमचा एक नियम होता," ते म्हणाले. "चुकीचा खटका ज्याने दाबला, त्यानेच नोंद लिहायची आणि सही करायची. दुसऱ्याच्या नावावर ढकलायची नाही."

चिमणाबाई उठल्या. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यांनी अंगठा पुढे केला. पण तात्यांनी त्यांचा हात धरून खाली केला आणि पेन स्वतः उचललं.

"तू यंत्राला विसावा दिलास," ते म्हणाले. "सायखेड्याला फोन मी केला." ते बराच वेळ वाकून लिहीत राहिले, सही केली, आणि मग कॅमेऱ्याकडे तोंड करून, मोठ्याने, मस्कतच्या अख्ख्या कॅफेला ऐकू जाईल असं बोलले. "संतोष, ऐक. मनीषानं काय केलेलं नाय. मी तिच्यावर खोटा आळ घेतला. तिचं चुकलं नाय, माझं चुकलं. करार वाढवायच्या आधी तिला विचारायचं, ते तू चुकलास. आता बोला दोघं." त्यांनी समर्थच्या खांद्यावर हात ठेवला. "चल बाबा, जेवूनच जा. बॅग तेवढी आत ठेव आधी."

सगळे बाहेर गेले आणि दार तात्यांनी स्वतः लोटलं.

समाधानने त्याच दुपारी नवा सेल बसवला. पुढच्या सोमवारी पहाटे, फुलांच्या पाट्या टेम्पोत चढल्यावर, मनीषा काहीतरी आठवून पुन्हा घरात आली. चिमणाबाई कॉम्प्युटरसमोर हात मागे बांधून उभ्या होत्या, बटणाकडे बघत.

"नको बाई," त्या म्हणाल्या. "आता मी हात लावत नाय त्याला."

मनीषाने सासूचा हात धरला, भिंतीपाशी नेला आणि त्यांचंच बोट बटणावर ठेवलं.

"दाबा आई. आज सोमवार आहे."